श्रेष्ठ मुद्रिका कोणती?

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं संगीतावरून वाद होतो, एवढें सांगितलें तरी पुण्यामुंबईच्या वाचकांस थोडें हसूं येईल. आमच्या गांवास आगगाडी नाहीं. जेऊर किंवा केम स्टेशनावर उतरून पुढें मोटारीनें यावें लागतें. आणि एखादा नांवाजलेला गवई सोलापुरास निघालाच, तर त्यानें जेऊरला उतरावें असें कांहीं कारण नसतें. तरीहि आमच्या येथें दर रविवारीं सायंकाळीं एका स्नेह्यांच्या माडीवर दहाअकरा मंडळी जमतात आणि जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकतात. ह्या बैठकींत गेल्या श्रावणांत जो वाद पेटला तो अद्याप विझलेला नाहीं. वादाचा विषय असा : कै. जी. एन्. जोशी यांनीं ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनींत ध्वनिमुद्रण-अधिकारी म्हणून जें दीर्घकाळ काम केलें, त्यांतील सर्वश्रेष्ठ मुद्रिका कोणती?

हा वाद निव्वळ रिकामपणाचा असता, तर त्यानें मासिकाचीं पानें अडविण्याचें पाप आम्हीं केलें नसतें. त्याच्यामागें एक व्यवहार आहे. करमाळ्याचें कमलाभवानीचें देऊळ रावरंभा निंबाळकरांनीं १७२७ च्या सुमारास बांधलें. तुळजापूरच्या भवानीचेंच हें दुसरें ठाणें, अशी भाविकांची श्रद्धा. तेथील उंच दीपमाळा आणि शहाण्णव पायऱ्यांची बारव पाहावयास दूरदूरचे लोक येतात. भवानी म्हटली म्हणजे गोंधळ आला, आणि गोंधळ म्हटला म्हणजे संबळ, तुणतुणें व दिवटी घेऊन रात्र जागविणारा गोंधळी आला. आमच्या पंचक्रोशींत असें गाणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांचे वडील बंधु गेल्या वर्षीं निवर्तले. त्यांच्याबरोबर किती आख्यानें गेलीं तें आतां कोणास सांगतां यावयाचें नाहीं. कारण त्यांच्या गाण्याचा अर्धा तासहि कोणीं टिपून ठेवला नव्हता. उरलेल्या भावाचें गाणें तरी येत्या नवरात्रांत मुद्रित करावें असें आमच्या मंडळीनें ठरविलें. वर्गणी जमली, आणि तें कसें मुद्रित करावें ह्यावर तट पडले. एका तटानें आदर्श म्हणून जोशी यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही मुद्रिका पुढें केली. दुसऱ्यानें त्यांच्याच देखरेखीखालीं निघालेली उस्ताद अमीर खां यांची मारवा व दरबारी ह्या रागांची मुद्रिका पुढें केली. आम्ही दुसऱ्या तटांतले आहों, हें आरंभींच सांगून टाकतों. म्हणजे न्यायाधीशाचा झगा पांघरून वकिली केल्याचा आरोप आमच्यावर यावयाचा नाहीं.

जोशी हे स्वतः गायक होते. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनीं तबकडीवर गायिली आणि तेथून मराठी भावगीताचा ओघ सुरूं झाला, असें सामान्यतः मानतात. गंगूबाई हनगल यांच्याबरोबर त्यांनीं गायिलेलीं द्वंद्वगीतें त्या काळीं रसिकांच्या आवडीचीं होतीं. १९३८ च्या सुमारास ते कंपनीच्या नोकरींत शिरले, आणि पुढें सुमारें तीन दशकें गवई, वादक, नट, तमासगीर अशा नाना तऱ्हेच्या कलावंतांस त्यांनीं ध्वनिग्राहकासमोर आणून बसविलें. ‘स्वरगंगेच्या तीरीं’ ह्या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत त्यांनीं ह्या कामाचा वृत्तान्त दिला आहे. एवढें असूनहि त्यांचें नांव काढलें कीं, ‘कोणते जोशी? भीमसेन?’ असा प्रश्न येतो. हा प्रश्न पुष्कळ घरांतून आमच्या कानीं आलेला आहे.

पहिला आक्षेप आमच्या बैठकींतील एका वयोवृद्ध सद्गृहस्थांचा. गातो गवई, टिपतें यंत्र. मग ह्या दोहोंमधल्या पगारी अधिकाऱ्याच्या नांवें मुद्रिका लावून त्यांत श्रेष्ठकनिष्ठ ठरविणें म्हणजे पंगतींतील वाढप्यास पाकशास्त्री म्हणण्यासारखें आहे, असें ते म्हणाले. दृष्टान्त खमंग आहे. पण तो येथें लागू पडत नाहीं. १९०२ सालीं गैस्बर्ग नांवाच्या विलायती तज्ज्ञानें कलकत्त्यास गोहरजानचें गाणें टिपलें, तेव्हांपासून पन्नासएक वर्षें आपल्या गाण्यास तीनसाडेतीन मिनिटांच्या तबकडींत संसार करावा लागला. १९२५ च्या सुमारास विजेचा ध्वनिग्राहक निघाला. तोंवर तर गायकास कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे. अशा स्थितींत कोणता राग घ्यावा, बंदिशीचा कोणता भाग ठेवावा, तंबोरा किती जवळ असावा व तबला किती दूर, कोणता प्रयत्न राखावा व कोणता टाकावा, रुसलेल्या कलावंताची समजूत कशी घालावी, आणि कंपनीच्या साहेबास ‘हें खपेल’ असें कशाच्या बळावर सांगावें, हे सारे निर्णय कोणा तरी माणसास घ्यावे लागतात. यंत्र ते घेत नाहीं, आणि गवयास त्यांतील निम्म्यांची कल्पनाहि नसते. तेव्हां मुद्रक हा वाढप्या नव्हे. पंगतीस कोणास बोलवावें आणि त्या दिवशीं चूल पेटवावी कीं नाहीं, हें ठरविणारा घरचा कर्ता तो आहे.

पाश्चात्यांनीं ही गोष्ट केव्हांच ओळखली. बीटल्स मंडळींच्या मुद्रिका सिद्ध करणारे जॉर्ज मार्टिन यांचें नांव रॉक संगीताच्या तेथील शोकिनांस तोंडपाठ असतें. त्यांच्या कामगिरींत ‘रिव्हॉल्व्हर’ श्रेष्ठ कीं ‘सार्जंट पेपर’ श्रेष्ठ, ह्यावर तीं माणसें आमच्या माडीवरील मंडळीहून अधिक हिरिरीनें भांडतात. मार्टिन यांस १९९६ सालीं ‘सर’ हा किताबहि मिळाला. योगायोग असा कीं मार्टिन आणि जोशी हे दोघेहि ई. एम्. आय्. ह्या एकाच विलायती संस्थेच्या शाखांतून वाढले, आणि ‘सार्जंट पेपर’ व ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या दोन्ही मुद्रिका १९६७ सालच्याच. ह्या योगायोगानें आमच्या प्रतिपक्षास भुरळ पडली आहे. मार्टिनची जशी ‘सार्जंट पेपर’, तशी जोशींची ‘कॉल ऑफ द व्हॅली’, असा त्यांचा सरळ हिशेब आहे.

परंतु हिशेबांत एक मोठी चूक आहे. मार्टिन यांचें कौशल्य रचनेचें होतें. फिती कापावयाच्या, जोडावयाच्या, एकावर एक ध्वनि चढवावयाचे, वाद्यवृंद मागाहून आणावयाचा. असें करतां करतां जें गाणें तयार होई, तें त्या खोलीबाहेर पूर्वीं कधीं अस्तित्वांतच नसे. तेथें मुद्रक हा अर्धा कर्ताच होता. ख्यालाची गोष्ट निराळी. ख्याल मुद्रणगृहांत जन्मास येत नाहीं. तो गुरूच्या घरीं, पहांटेच्या रियाजांत, तीसचाळीस वर्षांच्या चिंतनांत वाढून पुरा झालेला असतो. मुद्रणगृहांत तो पाहुणा म्हणून येतो. पाहुण्याच्या अंगावर आपले कपडे चढविणें म्हणजे आदरातिथ्य नव्हे. म्हणून रॉकच्या मुद्रकाचा जो गुण, तोच ख्यालाच्या मुद्रकाचा दोष होऊं शकतो. ज्या मुद्रिकेंत जोशी यांचा हात सर्वांत ठळक दिसतो ती त्यांची श्रेष्ठ मुद्रिका, हें प्रतिपक्षाचें गृहीतच आम्हांस मान्य नाहीं.

दुसरा आक्षेप पुण्याहून सुटीस आलेल्या एका रसिकांचा. त्यांचें म्हणणें असें कीं तबकडी ही मैफलीची छाया आहे; छायांमध्यें श्रेष्ठ कोणती ह्याची चर्चा कशास? ज्यांनीं भीमसेनांस, कुमारांस, किशोरीताईंस समोर बसून ऐकलें, त्यांस असें बोलणें शोभतें. पण आम्हीं मैफल ऐकावी कोठें? आमच्या गांवीं जें गाणें आलें तें लग्नाच्या मांडवांतील कर्ण्यांतून आलें, गणेशोत्सवांत आलें, रेडिओवरून आलें, आणि जुन्या बाजारांत वजनावर विकावयास आलेल्या तबकड्यांतून आलें. आम्हांस मैफल माहीत झाली तीच मुळीं छायेवरून. शिवाय ही छाया किती बलवान् असते ह्याचा पुरावा खुद्द भीमसेनांच्या चरित्रांत आहे. गदगच्या एका दुकानांत अब्दुल करीम खां यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून तो अकराएक वर्षांचा मुलगा घर सोडून गुरूच्या शोधांत निघाला. बालवयांतील कुमार गंधर्वांनीं तर थोरथोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांचें गाणें हुबेहूब उचललें होतें. ज्या छायेंतून असे देह उत्पन्न होतात तिला नुसती छाया म्हणून झटकून टाकणें बरें नव्हे.

आणि जेथें छायाहि नाहीं तेथें काय उरतें, तें पाहा. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. अल्लादिया खां १९४६ सालीं गेले. दोघांचाहि आवाज तबकडीवर नाहीं. त्यांच्या थोरवीविषयीं आपण जें बोलतों तें सारें ऐकीव. उलट अल्लादिया खां यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडींत बसून अंतराळांत गेली, आणि आजहि सूर्यापासून दूर दूर चालली आहे. शिष्येचें गाणें ताऱ्यांच्या वाटेस लागलें आहे, आणि गुरूच्या गाण्याचा एक स्वरहि पृथ्वीवर उरलेला नाहीं. हा फरक कशानें पडला? एका ठिकाणीं मुद्रण झालें आणि दुसऱ्या ठिकाणीं झालें नाहीं, एवढ्यानेंच. मुद्रकाचें काम किती मोलाचें आहे हें ह्याहून स्पष्ट करून सांगणें आम्हांस शक्य नाहीं.

आतां मुख्य प्रतिपक्षाकडे वळूं. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही मुद्रिका आम्हांस आवडत नाहीं असें कोणीं समजूं नये. शिवकुमार शर्मा यांचें संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. काश्मीरच्या खोऱ्यांतील एका मेंढपाळाचा दिवस, अहीरभैरवाच्या पहांटेपासून पहाडीच्या रात्रीपर्यंत. कल्पना सुरेख आहे आणि वादन निर्दोष आहे. त्या काळीं संतुरास शास्त्रीय वाद्य म्हणावें कीं नाहीं ह्याबद्दल जाणते लोक कुरकुरत होते, आणि गिटार तर परकीयच होती. ह्या दोन वाद्यांस घरोघर मान मिळवून देण्यांत ह्या मुद्रिकेचा वांटा मोठा आहे. ती समुद्रापलीकडे गेली, विलायती तरुणांनीं डोक्यावर घेतली, आणि हिंदुस्थानी संगीताशीं अनेकांची पहिली ओळख तिनेंच करून दिली. आमच्या अकरांपैकीं तिघे ह्याच दारानें आंत आले. दार म्हणून तिची योग्यता आम्ही एका शब्दानेंहि कमी करीत नाहीं.

आमची तक्रार दारालाच देवघर म्हणण्याविरुद्ध आहे. ह्या मुद्रिकेंत रागाच्या आधीं गोष्ट येते. आतां सूर्य उगवला, आतां मेंढपाळ निघाला, आतां सांज झाली, असें वेष्टनावरील मजकूर सांगतो, आणि ऐकणाऱ्याचें मन त्या चित्रामागून चालूं लागतें. राग काय म्हणतो ह्याकडे त्याचें लक्ष उरत नाहीं. तो खोऱ्यांतील ओढे व झाडें पाहूं लागतो. एकेक राग थोडक्या मिनिटांत आपलें तोंड दाखवून जातो. रागाचा स्वभाव उमलावयास जो अवकाश लागतो, तो त्यास मिळत नाहीं. ऐकणारा सुखावतो, पण तो जेथें बसला होता तेथेंच उठतो. गाण्यानें माणसास सुखवावें हें खरें. परंतु नुसतें सुखवावें एवढेंच त्याचें काम असतें, तर अत्तराचा फाया कानांत ठेवून भागलें असतें.

अमीर खां यांची मुद्रिका १९६० सालची. तिच्यांत गोष्ट नाहीं, चित्र नाहीं. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. खांसाहेबांचें नांव तोंवर अनेकांस ‘बैजू बावरा’ व ‘झनक झनक पायल बाजे’ ह्या बोलपटांमुळें ठाऊक झालें होतें. पण त्यांचें खरें गाणें तीन मिनिटांच्या तबकडींत मावणारें नव्हतें. त्यांचा अतिविलंबित ख्याल, झुमऱ्याच्या चौदा मात्रांचा तो पाय न वाजवितां चालणारा ठेका, आणि एकेका स्वरापाशीं थांबून पुढच्या स्वराची परवानगी घ्यावी तशी त्यांची बढत. हें सारें जुन्या तबकडीच्या मापानें कापलें असतें तर नुसते तुकडे हातीं आले असते. दीर्घमुद्रिकेचें तंत्र हातीं येतांच त्या तंत्राचा खरा उपयोग कोणत्या गवयासाठीं आहे, हें ओळखणें हीच मुद्रकाची परीक्षा होती. ह्या परीक्षेंत ही मुद्रिका उतरली आहे.

मारव्यांत पंचम नाहीं, आणि षड्जावरहि विसांवा फारसा नाहीं. कोमल ऋषभ व शुद्ध धैवत ह्यांच्या आधारानें स्वर अधांतरीं राहतो. मावळतीच्या वेळीं मनास जी निराधार अवस्था येते ती ह्या रागांत आहे असें शास्त्र सांगतें; ती खरोखर कशी असते तें आम्हांस ह्या मुद्रिकेनें दाखविलें. मुद्रिका उलटावी, तों दरबारीचा गंभीर गंधार, मध्यरात्रीचा. दोन बाजू, दोन प्रहर. बाजू उलटण्यासाठीं उठावें लागतें, तेवढ्या वेळांत संध्याकाळ सरून रात्र पडते. ही योजना कोणीं केली, गवयानें कीं मुद्रकानें, हें विचारण्याची गरज वाटत नाहीं, इतकी ती सहज आहे. मुद्रकाच्या कामाची ह्याहून मोठी प्रशंसा आम्हांस सुचत नाहीं.

येथें प्रतिपक्षानें आमच्यावर दोन तोफा डागल्या, त्यांचा जबाब दिला पाहिजे. पहिली अशी : तुमची मुद्रिका तरी कोठें पुरी मैफल आहे? तीहि वीसवीस मिनिटांच्या दोन बाजूंचीच. मग ‘कॉल ऑफ द व्हॅली’नेंच काय पाप केलें? जबाब असा कीं मर्यादा दोन्हीकडे आहे. पण ती कोणीं कोणाच्या सोईसाठीं घातली ह्यांत फरक आहे. अमीर खां यांनीं उपलब्ध वेळाच्या मापाचा ख्याल स्वतः मांडला. त्यांची चाल त्यांचीच राहिली, ती कोणीं पळविली नाहीं. विहिरीचें पाणी घागरींत भरलें तरी तें पाणीच राहतें. दुसरीकडे रागांचे काल व क्रम गोष्टीच्या सोईनें ठरले. तेथें राग हा गोष्टीचा चाकर झाला.

दुसरी तोफ अधिक मोठी : मारवा हा पंडितांचा राग, आमच्या तालुक्यांत तो ऐकणार कोण? ह्या प्रश्नांत आमच्या गांवाचा जो अपमान आहे तो प्रश्न विचारणाऱ्यांच्या ध्यानांत आला नसावा. आमच्या बैठकीस एस्. टी. मधून निवृत्त झालेले एक वाहक येतात. शास्त्राचें त्यांस अक्षरहि ठाऊक नाहीं. त्यांनीं ती मुद्रिका प्रथम ऐकली त्या दिवशीं ते कांहींच बोलले नाहींत. चहाहि न घेतां घरीं गेले. पुढच्या रविवारीं येतांच म्हणाले, “तें मावळतीचें लावा.” रागाचें नांव त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें, वेळ कोणीं सांगितली नव्हती, आणि वेष्टनावर मेंढपाळहि नव्हता. लोकांस कांहीं कळत नाहीं, म्हणून त्यांस सोपें करून द्या, असें म्हणणारे बहुधा लोकांस पुरतें ऐकूं देण्याआधींच निकाल देतात.

आतां हा वाद आज कशासाठीं, तें सांगतों. जोशी यांच्या काळीं मुद्रण करणें कठीण होतें; आज तें इतकें सोपें आहे कीं शेंबड्या पोराच्या खिशांतील दूरध्वनियंत्रहि तें करतें. तरीहि आमच्या वृद्ध गोंधळ्याच्या वडील बंधूचें गाणें राहून गेलें. कां? यंत्र नव्हतें म्हणून नव्हे. त्यांचें गाणें ज्यांनीं टिपलें त्यांनीं तें अर्ध्या अर्ध्या मिनिटाचें टिपलें. दिवटी नाचतांना दिसली, संबळ कडाडला, कीं यंत्र बंद. पुढें जें आख्यान चालत पहांटेपर्यंत गेलें त्यासाठीं थांबावयास कोणास सवड नव्हती. ज्या काळांत गाण्याची योग्यता किती लक्ष कानांवरून तें गेलें ह्या आंकड्यानें ठरते, आणि गाण्याबरोबर तबलजीचें नांव द्यावयासहि जागा उरत नाहीं, त्या काळांत मुद्रकाचा आदर्श कोणता मानावा हा प्रश्न पोटाच्या प्रश्नाइतकाच खरा आहे. आपण ज्या मुद्रिकेस श्रेष्ठ म्हणूं, तिच्यासारख्याच मुद्रिका पुढें निघतील. ‘कॉल ऑफ द व्हॅली’च्या मागून निसर्गाचे आवाज मिसळलेलें, झोंप आणणारें, थकवा घालविणारें असें किती संगीत बाजारांत आलें, तें कोणत्याहि दुकानदारास ठाऊक आहे. त्याचा दोष जोशी यांचा नाहीं, त्या गुणी वादकांचाहि नाहीं. पण नक्कल नेहमीं सोप्या गोष्टीचीच होते. गोष्टीची नक्कल झाली. शिवकुमारांच्या हाताची झाली नाहीं. आणि अमीर खां यांच्या मुद्रिकेच्या मागें जो धीर आहे, त्याची नक्कल करावयास तर कोणी पुढेंच आलें नाहीं.

प्रतिपक्षाची गोंधळाची योजना आमच्यासमोर कागदावर मांडलेली आहे. पांचपांच मिनिटांचे सहा भाग. आरंभीं पाखरांचा आवाज, मग बांसरी. मध्यें एका सुशिक्षित आवाजांत निवेदन. संबळ कानांस कर्कश लागतो म्हणून तो मागें, आणि त्याच्याखालीं पेटीऐवजीं विजेच्या वाद्याचा गोड भरणा. शेवटीं बारवेंतील पाण्याचा नाद. हेतु प्रामाणिक आहे. तरुणांनीं ऐकावें, गांवाचें नांव व्हावें. पण ह्यांत गोंधळी कोठें आहे? त्याच्या गळ्याचे पंधराएक मिनिटें. तेहि निवेदनाच्या फटींतून. आमची योजना एका ओळींत मावते : नवरात्रांतील एक रात्र, देवीसमोर, दिवटी लागल्यापासून विझेपर्यंत, चांगलें यंत्र, योग्य अंतरावर, मग कोणीं खोकलें तर खोकूं द्यावें आणि पोर रडलें तर रडूं द्यावें. सहा तासांचें कोण ऐकेल, असें विचारतात. कदाचित् कोणी ऐकणार नाहीं. पण सहा तासांतून अर्धा तास पुढें केव्हांहि काढतां येईल. अर्ध्या तासांतून सहा तास ब्रह्मदेवाच्यानेंहि काढवणार नाहींत. एवढा एक मुद्दा तरी प्रतिपक्षानें खोडून दाखवावा, अशी आमची विनंती होती. तो कोणीं खोडला नाहीं.

तरी आम्ही हरलों. गेल्या रविवारीं मतें घेतलीं. सात विरुद्ध चार. सातांत ते वयोवृद्ध सद्गृहस्थहि होते, मुद्रकास वाढप्या म्हणणाऱ्या त्या गृहस्थांनीं मुद्रकाच्या सर्वांत मोठ्या हस्तक्षेपास मत दिलें, ह्याचें आम्हांस नवल वाटलें, पण असो. बहुमत आम्हांस मान्य आहे. वर्गणीचा पैसा त्यांच्या योजनेस जाईल, आणि त्यांस लागेल ती मदत आम्ही करूं, कारण भांडण मतांचें आहे, माणसांचें नव्हे.

मात्र बहुमतानें मुद्रिका निघते. ती श्रेष्ठ आहे कीं नाहीं हें बहुमतानें ठरत नाहीं. म्हणून हें प्रकरण वाचकांच्या दरबारीं आणलें. ज्यांच्या घरीं त्या दोन्ही मुद्रिका असतील, त्यांनीं एका सायंकाळीं दोन्ही ऐकाव्या आणि आम्हांस काय तें कळवावें. इकडे आम्ही चौघांनीं आपसांत थोडे पैसे काढले आहेत. वाहकांनीं पुतण्याचें यंत्र मागून ठेवलें आहे. वृद्ध गोंधळ्यास आम्हीं विचारलें, तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, “मधींच थांबवणार तर न्हाई ना?” नाहीं, असें आम्हीं त्यांस वचन दिलें आहे.